पावसाळ्यात आर्ट पेपरवर सॉलिड फुटतो, चट्टे पडतात: दरवर्षीच्या दुखण्याचा माग

श्रावण लागला की दिवाळी अंकांच्या जाहिरातींची पानं मशीनवर चढायला लागतात आणि आमच्याकडे त्याच तक्रारीचे फोन सुरू होतात. "निळा सॉलिड फुटतोय." (सॉलिड म्हणजे शाईने सलग भरलेला भाग.) फोन नारायण पेठेतून येतो, धायरी-नऱ्ह्याकडच्या प्रेसमधून येतो, पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून येतो. जाहिरातीतलं आकाश एकसारखं निळं हवं, ते ओल आलेल्या भिंतीसारखं दिसतं. इथे गडद, तिथे फिकट, मध्येच ढगासारखा डाग. कोरा कागद हातात घेतला तर चकाकी उत्तम, हात फिरवला तर गुळगुळीत. शाई बसल्याशिवाय दोष दिसत नाही, म्हणून भांडण होतं. छापणारा म्हणतो कागद, कागदवाला म्हणतो मशीन, आणि दोघं मिळून शाईवाल्याला फोन लावतात.

मी भोसरीत एका कोटिंग प्लांटवर काम करतो. बेस पेपरची रिळं बाहेरून येतात. त्यांवर आम्ही दोन्ही बाजूंनी कोटिंग चढवतो, कॅलेंडरमधून, म्हणजे दाब देणाऱ्या गुळगुळीत रोलांमधून, काढून चकाकी आणतो आणि आर्ट पेपरच्या शीट कापून देतो. लागोपाठ दोन पावसाळे या चट्ट्यांनी आमची झोप उडवली होती. दोन्ही वेळा छपाईतलं रूप जवळपास सारखं होतं, कारणं मात्र वेगळी निघाली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चट्टे कुठल्या जातीचे ते ओळखा

आम्ही पहिल्या वर्षी ही पायरी गाळली आणि दीड महिना फुकट घालवला. कोटिंगचं सूत्र बदलण्याआधी, ड्रायरला हात लावण्याआधी, प्रेसवर जाऊन अर्धा तास उभं राहा.

चार रंगांच्या मशीनवर निळी शाई आधी पहिल्या युनिटला भरा. बाकी तीन युनिटं कोरी ठेवा, पण ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारं रबरी आवरण) दाबात असू द्या, म्हणजे ओला निळा पुढच्या तिन्ही ब्लँकेटखालून जाईल. पन्नास शीट काढा. मग तीच शाई, तीच प्लेट शेवटच्या युनिटला लावा, म्हणजे निळ्याला नंतर कुठलंच ब्लँकेट लागणार नाही. त्याही पन्नास काढा आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहा.

पहिल्या गठ्ठ्यात चट्टे आणि दुसऱ्यात स्वच्छ, असं दिसलं तर दुखणं बॅक-ट्रॅप मॉटलचं. कागदावर शाई जागोजाग वेगळ्या वेगाने सेट होतेय. जिथे ती ओली राहिली तिथून पुढचं ब्लँकेट ती उचलून नेतं आणि तो भाग फिका पडतो. दोन्ही गठ्ठ्यांत चट्टे असतील तर आणखी एक फेरी करावी लागते: पहिल्या युनिटला कोरी प्लेट लावून नुसतं पाणी द्यायचं (ऑफसेटमध्ये प्लेटला शाईबरोबर पाणीही लागतं) आणि निळा पुढच्या युनिटला छापायचा. चट्टे वाढले तर कागद पाणी एकसारखं शोषत नाही, ओल्या जागी शाई धरत नाही. पाण्याने काही फरक पडला नाही आणि चट्टे शेवटच्या युनिटलाही तसेच राहिले, तर शाई, दाब, ब्लँकेट यांकडे बघा किंवा कागदाचा पृष्ठभागच मुळात खडबडीत आहे का ते तपासा.

पहिल्या वर्षी ही चाचणी आम्हाला नारायण पेठेतल्या एका जुन्या प्रेसच्या काकांनी करून दाखवली. मी तिथे गेलो होतो भांडायच्या तयारीने. काका म्हणाले, "अहो, कागद तुमचा, मशीन माझं, पण बसू दोघं मिळून. दोन्ही युनिटांवर काढून बघू." वीस मिनिटांत कळलं की शाई दोषी नाही. त्याआधी आम्ही शाईवाल्याला तीन वेळा बोलावून घेतलं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चकाकणाऱ्या थराच्या आत काय चालतं

कोटिंग म्हणजे मुख्यतः दळलेलं कॅल्शियम कार्बोनेट आणि चायना क्ले. शंभर भाग रंगद्रव्याला दहा ते चौदा भाग लॅटेक्स असतो. तो बाइंडर, म्हणजे कणांना एकमेकांशी आणि कागदाशी धरून ठेवणारा गोंद. अर्ध्या-पाऊण भागाच्या आसपास सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज), कारण कोटिंगमधलं पाणी बेस पेपरने पटकन ओढून घेऊ नये. थोडं डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारं रसायन, थोडं वंगणासाठी कॅल्शियम स्टिअरेट. घनभाग साधारण ६० ते ६५ टक्के, उरलेलं पाणी.

हे मिश्रण ब्लेडने कागदावर चढतं. ब्लेड वरची बाजू सपाट करतं, पण थराची जाडी सगळीकडे सारखी ठेवत नाही. बेस पेपर उजेडासमोर धरला तर त्यात ढग दिसतात, म्हणजे कुठे तंतू दाट, कुठे विरळ. खळग्यात कोटिंग जाड बसतं, उंचवट्यावर पातळ. पातळ जागा लवकर सुकते, जाड जागा उशिरा. थोडा फरक प्रत्येक कागदात असतोच आणि त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते सुकताना. कोटिंगमधलं पाणी उडत जातं, घनभाग ७०-७५ टक्क्यांवर पोचतो आणि कण एकमेकांना टेकून जागीच अडकतात. बारीक लॅटेक्स मात्र अजून पाण्याबरोबर त्या कणांमधल्या वाटांनी फिरू शकतो. ८०-८५ टक्क्यांच्या पुढे तोही थांबतो. मधला हा पट्टा ड्रायरमध्ये जेमतेम सेकंदभराचा असतो, आणि शाई कशी सेट होणार ते तिथेच ठरतं. त्या वेळी वरून जोराची गरम हवा मारली तर पाणी वर धावतं आणि लॅटेक्सला सोबत घेऊन येतं. जाड जागी जास्त येतो, पातळ जागी कमी. ज्या ठिकाणी लॅटेक्स वर साचला तिथली छिद्रं बुजतात, शाईतलं तेल आत जात नाही, शाई ओली राहते. पुढचं ब्लँकेट तीच उचलतं.

म्हणूनच पहिल्या वर्षीचा आमचा पहिला उपाय उलटा पडला. एका छापणाऱ्याने "कोटिंग कच्चं वाटतंय" असं म्हटल्यावर आम्ही लॅटेक्स ११ भागांवरून १३ वर नेला. पिकिंगची, म्हणजे छापताना कोटिंग उपटून निघण्याची, भीती गेली, चट्टे मात्र आणखी ठसठशीत झाले. वर यायला जास्त लॅटेक्स मिळाला, दुसरं काय होणार.

पहिला पावसाळा: कडांनी सांगितलेली गोष्ट

काकांच्या प्रेसवरून परत आलेल्या शिटा आम्ही रिळाच्या क्रमाने आणि डेकलवरच्या, म्हणजे रिळाच्या रुंदीतल्या, जागेप्रमाणे लावल्या. हे काम कंटाळवाणं आहे. दोन पोरं आणि मी, गोडाऊनच्या फरशीवर दिवसभर. संध्याकाळी चित्र स्पष्ट झालं: चट्टे रिळाच्या दोन्ही कडांच्या शिटांवर जास्त, मधल्या शिटांवर जवळपास नाहीत. शिवाय रीळ लावल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांच्या मालात जास्त, म्हणजे रिळाच्या बाहेरच्या थरांत.

कड आणि बाहेरचा थर, म्हणजे हवा जिथे लागते तिथे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. आमचं गोडाऊन भरलं म्हणून बेस पेपरची रिळं शेडमध्ये ठेवली होती आणि आवरणाचा प्लास्टिकचा कागद फोर्कलिफ्टने जागोजाग फाटला होता. कडेची ओल मोजली तर ८ टक्के, आत मध्यावर साडेपाच.

हा फरक किती महाग पडतो ते एकदा हिशेब करून पाहा. ९० जीएसएमचा (चौरस मीटरला ९० ग्रॅम) आर्ट पेपर घ्या: ६६ चा बेस, वर दोन्ही बाजूंना १२-१२ ग्रॅम कोटिंग. ६२ टक्के घनभागाच्या कोटिंगबरोबर एका बाजूला सुमारे सव्वासात ग्रॅम पाणी येतं. बेस पेपर साडेपाचऐवजी ८ टक्के ओला असेल तर तो स्वतःच सुमारे पावणेदोन ग्रॅम जादा पाणी घेऊन येतो. म्हणजे त्या बाजूच्या ड्रायरवरचा बोजा कडेला जवळपास एक चतुर्थांशाने वाढला. आणि हे वाढीव पाणी बेसमध्ये असल्याने कोटिंगमधलं पाणी खाली शोषलं जायला जागाही कमी.

आता ऑपरेटरच्या जागी उभे राहा. ओलावामापीवर कडा लाल दिसतायत, माल कॅलेंडरला जाताना चिकटेल ही भीती. त्याने दुसऱ्या हूडचं, म्हणजे ड्रायरमधल्या गरम हवेच्या पेटीचं, तापमान १४० वरून १६५ अंशांवर नेलं. त्याच्या परीने त्याने जबाबदारीने काम केलं. पण ओल्या कडांवर कोटिंग उशिरा सुकत होतं, त्यामुळे तो नाजूक पट्टा पुढे सरकून नेमका दुसऱ्या हूडखाली आलेला. एरवी त्या हूडखाली कागद पोचायचा तेव्हा लॅटेक्स बसून गेलेला असायचा. आता तो अजून फिरता असताना त्याच्यावर १६५ अंशांची हवा. मध्यावर मात्र कागद साडेतीन टक्क्यांपर्यंत वाळून कडक. कॅलेंडरने त्यात भर घातली: ओल्या कडा रोलखाली जास्त दबल्या, तिथली छिद्रं आणखी बंद झाली.

खात्री करायला आम्ही दोन चाचण्या केल्या. एक, के अँड एन शाईची: कोऱ्या कागदावर शाईचा थर फासायचा, दोन मिनिटांनी पुसायचा आणि उरलेला डाग पाहायचा. मधल्या शिटांवर एकसारखा करडा, कडांच्या शिटांवर ठिपक्याठिपक्यांचा. दुसरी जाळण्याची. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समसमान घेऊन त्यात १० टक्के नवसागर विरघळवायचा, शिटेचा तुकडा बुडवून टिपायचा, वाळवायचा आणि सव्वादोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं ठेवायचा. तंतू जळून काळे पडतात, कोटिंग पांढरं राहतं, आणि थर कुठे जाड कुठे पातळ ते डोळ्यांनी दिसतं. धूर निघतो, तेव्हा एक्झॉस्टखालीच करा. आमच्याकडे कड आणि मध्य यांच्या जाळलेल्या तुकड्यांत मोठा फरक दिसला नाही. म्हणजे ब्लेड ठीक चाललं होतं आणि बेसचे ढगही नेहमीइतकेच होते. सुकवणीकडे बोट दाखवणारा हा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी रिळं: शेडमधली सगळी आत घेतली, फाटलेलं आवरण पुन्हा बांधलं, आणि रीळ लावण्याच्या आदल्या दिवसापर्यंत आवरण काढायचं नाही असा नियम केला. जास्त ओलं रीळ आलंच तर पहिली काही मिनिटं वेग कमी. नंतर कोटिंगचा घनभाग ६२ वरून ६५ वर नेला, तेवढ्याने दर बाजूला जवळपास एक ग्रॅम पाणी कमी झालं. त्यासाठी डिस्पर्संट नीट जुळवावं लागलं, नाहीतर ब्लेडखाली रेघा येतात. शेवटी ड्रायर. सुरुवातीचं इन्फ्रारेड वाढवलं, म्हणजे पाणी लवकर काढून तो पट्टा लवकर गाठायचा. दुसरा हूड १३० वर आणला. राहिलेली ओल शेवटच्या वाफेच्या सिलिंडरांवर काढायची, तिथे लॅटेक्स हलत नाही. बाहेर पडताना ५ ते साडेपाच टक्के, कडेपासून कडेपर्यंत.

ऑपरेटरला मी स्वतः समजावून सांगितलं की ओल वाढली तर हात सिलिंडरच्या वाफेवर जाऊ द्या, दुसऱ्या हूडवर नको. तोच नियम पॅनेलवर मराठीत लिहून चिकटवला. त्या सप्टेंबरात काकांनी शेवटच्या फॉर्मची शीट पाठवली, निळा एकसारखा होता.

दुसरा पावसाळा: टाकी

पुढच्या वर्षी आम्ही निर्धास्त होतो. रिळं आत, कडा साडेपाच टक्क्यांवर, हूड १३० वर. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात फोन आला. चट्टे परत. आता कडांना नाही, संपूर्ण डेकलभर.

पुन्हा युनिटांची चाचणी केली, पुन्हा बॅक-ट्रॅपच. ड्रायरचे आकडे काढले, सगळे जागेवर. जाळलेल्या तुकड्यात मात्र या वेळी फरक होता: बेसमधले ढग कोटिंगमध्ये उमटल्यासारखे दिसत होते. म्हणजे कोटिंग चढल्याचढल्या बेस पेपर त्यातलं पाणी झपाट्याने आणि जागोजाग वेगवेगळं ओढून घेत होता. विरळ जागी जास्त, दाट जागी कमी. पाण्याबरोबर लॅटेक्सही आत जात होता. पाणी धरून ठेवण्याचं काम सीएमसीचं. सूत्रात ते बरोबर होतं, तोलून घातलेलं होतं, नोंदवही सांगत होती.

कलर किचनमध्ये, म्हणजे कोटिंग तयार करतो तिथे, गेलो आणि झाकण उघडताच वास आला. आंबूस, ताक जुनं झाल्यावर येतो तसा. विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून लाइन दोन दिवस बंद होती. टाकीत अर्धा टन कोटिंग ढवळत राहिलं होतं, बाहेर पाऊस, आत उबदार. पीएच ८.८ असायला हवा तो ७.६ वर उतरलेला, व्हिस्कॉसिटी निम्म्यावर. जंतूंनी सीएमसी खाल्लं होतं. सीएमसी सेल्युलोजपासूनच बनतं, त्याच्या साखळ्या तोडणारे एन्झाइम जंतूंकडे असतात. साखळ्या तुटल्या की पाणी धरणारं काही उरत नाही.

त्यात आमची एक सवय नडली. थांबलेलं कोटिंग वाया जाऊ नये म्हणून ते नव्या बॅचमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळायचो. म्हणजे नव्या बॅचला विरजणच लावत होतो.

टाकी रिकामी केली. गरम पाणी आणि कॉस्टिकने धुतली, आणि टाकीपेक्षाही पाइपलाइन: जिथे प्रवाह पोचत नाही असे बंद तुकडे, गाळणीची जाळी, पंपाचा तळ. तिथे बोटाला बुळबुळीत थर लागला. एक बंद तुकडा कापूनच टाकला. बायोसाइडची, म्हणजे जंतुनाशकाची, मात्रा तपासली. ती रोजच्या उत्पादनाला पुरेशी होती, दोन दिवस पडून राहणाऱ्या कोटिंगला नव्हती. आता मोठ्या सुट्टीआधी टाकी शक्य तेवढी खाली आणतो. उरलेल्याला बायोसाइडची जादा मात्रा देतो आणि सुट्टीनंतर पीएच, व्हिस्कॉसिटी, पाणी धरण्याची चाचणी झाल्याशिवाय एक मीटरही चालवत नाही. पीएच अर्ध्या अंकाने जरी खाली आला तरी ते कोटिंग नव्या बॅचमध्ये जात नाही.

वासावर अवलंबून राहू नका, हे मात्र मनापासून सांगतो. वास येईपर्यंत दोन-तीन पाळ्यांचा माल गेलेला असतो. पीएच आधी बोलतो.

माल प्रेसमध्ये पोचलाय आणि तारीख जवळ आलीय

छापणाऱ्यांसाठी थोडक्यात. कागद बदलून मिळायला वेळ नसेल तर रंगांचा क्रम बदलून बघा. ज्या रंगाचा सॉलिड मोठा आहे तो शक्य तितका शेवटच्या युनिटाकडे न्या, म्हणजे त्यावरून कमी ब्लँकेट जातील. नेहमीच्या काळा-निळा-गुलाबी-पिवळा क्रमात निळ्यावरून दोन ब्लँकेट जातात, म्हणून आकाशं आधी बिघडतात. क्रम बदलला की शाईचा टॅक (चिकटपणा) पुन्हा जुळवावा लागतो, त्यासाठी शाईवाल्याशी बोला. पाणी कमीत कमी ठेवा. मोठ्या सॉलिडखाली दुसऱ्या रंगाचा हलका टिंट देऊन चट्टे झाकायचा मोह होतो. काही वेळा जमतं, पण माणसाच्या चेहऱ्यावर किंवा दागिन्यांच्या जाहिरातीत तो टिंट अंगाशी येतो. रीमची आवरणं मशीनपाशी नेईपर्यंत फोडू नका.

आणि तक्रार करताना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता, त्यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. मोबाइलचा कॅमेरा चट्टे एकतर पुसतो, नाहीतर नसलेले दाखवतो. छापलेल्या दहा शिटा आणि त्याच रीममधल्या दहा कोऱ्या शिटा पाठवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. त्यावर रीमच्या लेबलचा नंबर, रंगांचा क्रम, आणि निळा शेवटच्या युनिटवर काढून पाहिला का, एवढं लिहा. लेबलवरच्या नंबरावरून आम्हाला रीळ, डेकलवरची जागा, त्या दिवशीचं हूडचं तापमान आणि टाकीचा पीएच, चारही गोष्टी नोंदवहीत सापडतात.